दहावं रीळ

सिनेमा कापणं हा माझ्या नोकरीचाच भाग होता. आमच्या थिएटरचे निम्मे प्रेक्षक नदीपलीकडून यायचे आणि शेवटची होडी साडेआठला सुटायची. संध्याकाळचा खेळ त्याआधी आटपला नाही, तर मालक माझी हजेरी घ्यायचे. त्यामुळे एखादं गाणं, एखादी मारामारी, व्हिलनच्या मामाचं मरण असं काहीतरी मी रोज गाळायचो. मात्र हे कुणाला सांगायचं नाही, अशी मालकांनी मला शपथच घातली होती. सिनेमा कंपनीला कळलं असतं तर प्रिंट मिळणं बंद झालं असतं. मी सख्ख्या आईलाही सांगितलं नव्हतं.

मग तो रडका सिनेमा आला. कुणा बाईंच्या कथेवरून काढलेला, दहा रिळांचा. गाणी कमी, मारामारी अजिबात नाही, कापणार कुठे? नवव्या रिळाच्या शेवटी नायिका डोळ्यांच्या डॉक्टरला नकार देऊन गाडीत बसते आणि गाडी निघून जाते. थिएटरभर हुंदके. मालक म्हणाले, एवढं रडवलं ते पुष्कळ झालं, इथेच दिवे लाव. मी दुसऱ्या एका प्रिंटमधली ‘समाप्त’ची पट्टी काढून नवव्या रिळाला जोडली. दुपारी होडीची घाई नसल्यामुळे तेव्हा ती पट्टी काढून दहाही रिळं लावायचो. संध्याकाळी नऊ. या युक्तीबद्दल मी स्वतःची पाठही थोपटून घेतली होती.

दादा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. सुट्टी साडेपाचला, म्हणून तो संध्याकाळच्या खेळाला आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. सिनेमाच्या वाऱ्यालाही उभा न राहणारा माझा भाऊ ओळीने सात दिवस आला, तेव्हा मी त्याची यथेच्छ टिंगल केली. हिरॉइनवर जीव जडला की काय, आईला सांगू का, असलं काहीबाही बोललो. तो नुसता हसला. सातव्या दिवशी जिना चढून माझ्या केबिनमध्ये आला आणि सिनेमा एवढाच आहे का, असं विचारलं. मी रीळ गुंडाळत होतो. मान वर न करता म्हणालो, समाप्त आलं की, आणखी काय असणार? तो जिना उतरून गेला.

दोन वर्षं लग्नाचं नाव काढू न देणाऱ्या दादाने दुसऱ्या दिवशी आईला सांगितलं, तू म्हणशील तिथे करतो. आईला आकाश ठेंगणं झालं. वहिनी आली, आणि खरं सांगतो, वहिनीसारखं माणूस दिवा घेऊन शोधलं तरी सापडायचं नाही. पुढे दादाने स्वतःचं दुकान काढलं, मुलगी झाली. सगळं मार्गी लागलं असं घरात प्रत्येकाला वाटत होतं, मलाही.

तीन वर्षांनी मालकांनी तोच सिनेमा परत आणला. सोमवारी दुपारचा खेळ सुटल्यावर एक बाई केबिनच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. साधी साडी, हातात पिशवी, जिन्याने धाप लागलेली. मी स्टूल पुढे केलं. या सिनेमाची कथा आपण लिहिली असं त्या म्हणाल्या, तेव्हा मी चांगलाच हरखलो. डॉक्टर मस्त रंगवलाय म्हणालो.

“डॉक्टर त्यांनी केला,” त्या म्हणाल्या. “माझ्या कथेत तो चष्म्याच्या काचा घासतो. इथेच, याच गावात.”

गावात काचा घासणारा तेव्हा एकच होता.

त्या सांगत राहिल्या. त्याने मागणी घातली होती आणि आपण तोऱ्यात नाही म्हटलं. गाव सोडलं. वर्षभरात चूक कळली, पण नकार दिलेल्या माणसाला कोणत्या तोंडाने पत्र लिहायचं? म्हणून कथा लिहिली. सिनेमावाले आले तेव्हा एकच अट घातली की बाकी काय वाटेल ते बदला, शेवटच्या दहा मिनिटांना हात लावायचा नाही. त्या दहा मिनिटांत नायिका परत येते आणि डॉक्टरसाठी निरोप ठेवते की दर रविवारी चार वाजता मी स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये बसेन. त्या खरोखर बसल्या होत्या. गाव सोडून त्या गेल्या ते शहर त्याला माहीत होतं, तिथल्याच स्टेशनवर, दीड वर्ष, एकही रविवार न चुकवता.

“ते आले नाहीत. त्याबद्दल तक्रार नाही,” त्या म्हणाल्या. “मला एवढंच विचारायचंय, इथे हा सिनेमा पूर्ण दाखवला होता ना?”

दादाची मुलगी सात महिन्यांची होती. वहिनी सकाळीच मला डबा देऊन गेली होती. ही कारणं खरी आहेत, पण माझी स्वतःची भीतीही तितकीच खरी होती. या बाईच्या तोंडावर, तुमचे दीड वर्षाचे रविवार मी होडीसाठी कापले, हे सांगायची माझी छाती झाली नाही.

“पूर्ण दाखवला,” मी म्हणालो.

त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, हे मला अजून सहन होत नाही. “मग ठीक आहे. म्हणजे त्यांनी पाहिलं आणि ठरवलं. मधेच कुठे चुकामूक झाली असती, तर मला जगणं कठीण झालं असतं.” माझे आभार मानून त्या गेल्या. मी त्यांचा पत्ताही विचारला नाही.

मंगळवारी रात्री जेवताना दादा म्हणाला, उद्या दुकान बंद आहे, हिला तो सिनेमा दाखवून आणतो. दुपारचा. सिनेमा भिकार आहे, प्रिंट घासली आहे, पोरगी रडेल, असं मी म्हणून पाहिलं. वहिनी म्हणाली, भावजी, तुमच्या थिएटरात मी लग्न झाल्यापासून एकदा तरी आलेय का?

बुधवारी दुपारी होडीची घाई नव्हती. तरी मी ‘समाप्त’ची पट्टी जोडली. आधी कापायचो तेव्हा ते काम होतं. त्या दुपारी मी काय करतोय हे मला पुरतं ठाऊक होतं.

गाडी निघून गेली, दिवे लागले. मधल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी आवाज चढवला, अहो, पुढचं कुठे गेलं? ती परत येते ते दाखवा की. चारदोन जण त्यांना दुजोरा द्यायला लागले. दादा उठता उठता थांबला. त्याने आधी त्या बाईंकडे पाहिलं, मग वर माझ्या खिडकीकडे.

तो एकटाच जिना चढून आला. दहाव्या रिळाचा डबा टेबलावर तसाच बंद होता. त्याने झाकणावरचा आकडा वाचला.

“किती आहे?”

“दहा मिनिटं.”

“संध्याकाळी नाही दाखवायचास?”

“कधीच नाही. होडी असायची.”

त्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मला वाटलं, आता कानाखाली देईल. द्यावी असं मनापासून वाटत होतं.

“ती खरंच परत येते?” त्याने विचारलं.

मी मान डोलावली. सोमवारचं सगळं सांगायला तोंड उघडलं, तर त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“नको,” तो म्हणाला. “आता काही सांगू नकोस.”

खालून वहिनीने हाक मारली, मुलगी झोपली होती आणि तिला धरून वहिनीचा हात अवघडला होता. आलो, म्हणून दादा खाली उतरला आणि मुलीला त्याने आपल्याकडे घेतलं.