चौघांचं वजन

"गाडीत नेहमी किती माणसं बसतात?" मिस्त्रीने विचारलं, आणि डॉक्टरांनी बेधडक सांगून टाकलं, "चार."

उत्तर तीन माणसांनी चुकलं होतं. पण प्रश्नांना उत्तरं द्यायची डॉक्टरांना सवयच नव्हती. पस्तीस वर्षं त्यांनी दातांचा दवाखाना चालवला. समोरचा आ वासून पडलेला असायचा. त्याला "मुलं काय करतात सध्या?" असं प्रेमाने विचारायचं आणि त्याने घशातून काही आवाज काढायच्या आत यंत्र सुरू करायचं, असा त्यांचा संभाषणाचा रिवाज. आता दवाखाना दुसऱ्याला देऊन तीन वर्षं झाली होती, आणि तेवढा आवाजही कानी पडत नव्हता.

गाडी म्हणजे त्यांची एकेकाळची ऐट. लांबलचक, काळी, आत सायीच्या रंगाच्या चामड्याच्या सीट. बसलं की माणूस रुतायचाच. खड्डा कळायचा नाही, वळण मात्र चांगलंच कळायचं. गाडी आधी कलायची, मग विचार करायची आणि मग सवडीने वळायची. मुलगी लहानपणी घाटात हमखास ओकायची. बायको वरचा दांडा धरून डोळे मिटून बसायची. मुलगा म्हणायचा, बाबा, ही गाडी नाही, गादी आहे. पण चौघांच्या चार जागा ठरलेल्या होत्या आणि त्या जागांवरून कधी भांडण झालं नाही.

मग मुलगा नोकरीसाठी लांब गेला. मुलगी लग्न करून त्याहून लांब गेली. तिच्या बाळंतपणासाठी बायको तीन महिन्यांसाठी म्हणून गेली, त्याला चार वर्षं झाली. मध्ये दुसरं नातवंड झालं, मुलीला बढती मिळाली, आणि आजीवाचून तिथलं पान हलेना. भांडण नाही, तंटा नाही. भांडण झालं असतं तर निदान समजूत घालायला तरी जाता आलं असतं. दर रविवारी फोन यायचा. जेवलात का, गोळी घेतली का, बरं ठेवते, पिल्लू रडतंय.

गेल्या महिन्यात एका वळणावर गाडी डुलत डुलत पदपथाला घासली. कोणाला खरचटलंही नाही, पण शेजाऱ्याने ती बातमी मुलापर्यंत तत्परतेने पोचवली. मुलाचा फोन आला. तो पुढच्या महिन्यात कामासाठी एक दिवस येणार होता. गाडीत बसून बघतो म्हणाला, अशीच झोकांड्या खात असेल तर विकून टाकू. आणि वर म्हणाला, "एकट्या माणसाला एवढं धूड कशाला, बाबा?"

धूड म्हटल्याचं डॉक्टरांना काही वाटलं नाही. एकटा म्हटल्याचं वाटलं. चार जागा, तीन रिकाम्या का होईनात, त्या गाडीत अजून होत्या. गाडी गेली की त्या जागाही जाणार होत्या. म्हणून त्यांनी हा मिस्त्री शोधून काढला. स्टिअरिंग आणि सस्पेन्शन सोडून तो दुसऱ्या कशाला हात लावत नसे. गवंडी भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीला वजन बांधून सोडतात, त्यावरून लोक त्याला पाठीमागे ओळंबा म्हणायचे. बोलणंही तसंच, सरळ खाली.

त्याने गाडीखाली जाऊन यादी केली. स्प्रिंगा बदलायच्या. उंची कमीजास्त करता येईल असे शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवायचे. गाडी कलू नये म्हणून खालचा दांडा जाड घालायचा, झिजलेले रबरी बुश सगळे काढायचे, आणि कमी फिरवून जास्त वळेल असं नवं स्टिअरिंग. मग विचारला तो प्रश्न. एक म्हटलं असतं तर मुलाचंच म्हणणं खरं ठरलं असतं, आणि तेही परक्या माणसासमोर. म्हणून चार.

ओळंब्याने भिंतीवर खडूने चार चौकोन काढले आणि प्रत्येकाचं वजन विचारलं. गाडी ज्यांना घेऊन फिरते त्यांच्या वजनाला लावायची, ही त्याची पद्धत. आता डॉक्टरांना माघार नव्हती. बायकोचं वजन बासष्ट. हा आकडा तिने जन्मात कोणाला सांगितला नव्हता, पण एका तपासणीच्या कागदावर डॉक्टरांनी तो चोरून वाचला होता. मुलीचं एक्कावन्न. सांगताना त्यांच्या लक्षात आलं, की हे तिच्या लग्नाआधीचं. दोन मुलांनंतरचं आपल्याला माहीतच नाही. मुलाचं सत्तर, अंदाजाने. डिकीत काय असतं, असं ओळंब्याने विचारलं, तर जेवणाची टोपली, सतरंजी, बॅडमिंटनच्या रॅकेटी असं डॉक्टर सांगत सुटले. खोटं एकदा रंगायला लागलं की त्यात रंग भरायचा मोह आवरत नाही. शिवाय ते तितकंसं खोटंही नव्हतं, जुनं होतं एवढंच.

आठवड्याने काम झालं. चाकांची दिशा लावायच्या दिवशी ओळंब्याने वाळूच्या पिशव्या तोलून आणल्या, बासष्ट, एक्कावन्न, सत्तर, आणि ज्याच्या त्याच्या जागेवर ठेवून पट्टे लावले. डॉक्टरांना चालकाच्या जागेवर बसवून हलू नका म्हणून बजावलं. डॉक्टर सव्वा तास हलले नाहीत. शेजारच्या पिशवीचा पट्टा वर सरकला होता, तो मात्र त्यांनी हळूच खाली ओढून नीट केला. गाडीखालून पान्याचा आवाज येत होता. चार वर्षांत एवढं बरं त्यांना कुठे वाटलं नव्हतं. ही कबुली त्यांनी स्वतःलासुद्धा दिली नाही.

पिशव्यांसकट एक फेरी झाली. गाडी अशी वळली की डॉक्टरांना क्षणभर आपण तरुण झाल्यासारखं वाटलं. मग पिशव्या उतरवल्या, आणि घरी जाताना खरी गंमत झाली. मागची बाजू हलकी होऊन वर उचललेली, प्रत्येक उंचवट्यावर टणकन उडी मारणारी. नवं स्टिअरिंग इतकं तिखट, की बोट शिवशिवलं तरी गाडी रस्ता सोडायला बघायची. आधीची झोकांडी परवडली, म्हणायची पाळी आली.

शहाण्या माणसाने दुसऱ्या दिवशी जाऊन खरं सांगितलं असतं. डॉक्टरांनी गच्चीतल्या मेलेल्या झाडांच्या कुंड्या उपसल्या, माती लहान लहान पोत्यांत भरली, वजनकाट्यावर तोलली आणि लिफ्टने कितीतरी फेऱ्यांत खाली नेली. रखवालदाराने विचारलं तर कुणाच्या तरी बागेला माती द्यायचीय म्हणाले. ताकास तूर लागू दिली नाही. पोती तीन जागांवर बसवून पट्टे लावले, आणि गाडी पुन्हा झकास चालू लागली. दहा दिवस ते रोज फिरून आले.

अकराव्या दिवशी एक कुत्रं आडवं आलं. डॉक्टरांनी जोरात ब्रेक मारला, आणि त्याच झटक्यात त्यांचा हात शेजारच्या पोत्यांपुढे आडवा गेला. "सांभाळ गं," ते म्हणाले. चांगलं मोठ्याने म्हणाले. कुत्रं निघून गेलं तरी गाडी तिथेच उभी राहिली. मागचा गाडीवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला आणि शेजारून गेला. मुलगा चार दिवसांनी येणार होता, आणि त्याला ही माणसं कोण म्हणून सांगणार?

ते तसेच ओळंब्याकडे गेले. त्याने खिडकीतून आत पाहिलं, पोत्यांवर एकेक नजर टाकली आणि काम बिघडलं का म्हणून विचारलं.

"काम चोख आहे," डॉक्टर म्हणाले. "मी सांगितलं ते चुकीचं होतं. गाडीत चार नसतात."

"मग किती?"

"एक."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे आपापल्या घरी असतात."

दुसरा कोणी असता तर त्याने खांद्यावर हात ठेवला असता, चहा मागवला असता, स्वतःच्या सासूची हकीकत सांगितली असती. ओळंब्याने ओल्या फडक्याने भिंतीवरचे तीन चौकोन पुसले. मग म्हणाला, की एकाच्या वजनाला लावली तर ती एकालाच सरळ चालेल, शेजारी कोणी बसलं की थोडी त्या बाजूला ओढेल.

"मधलं काहीतरी करू का?" त्याने विचारलं. "दोघांच्या हिशोबाने? कधी कोणी येत असेल तर?"

डॉक्टर विचारात पडले. मुलगा येणार होता तो एक दिवस. त्या एका दिवसासाठी उरलेले तीनशे चौसष्ट दिवस गाडी वाकडी चालणार. त्यांनी पहिल्यांदाच हे गणित पुरतं मांडलं.

"एकच धरा," ते म्हणाले, आणि पोती उतरवायला स्वतः हात लावला.

मुलगा आला. सकाळी त्याची कामं झाली, दुपारी तो गाडीत शेजारी बसला आणि डॉक्टरांनी गाडी मुद्दाम घाटाच्या रस्त्याला घातली. गाडी कलली नाही, डुलली नाही, बोटाच्या इशाऱ्यावर वळत गेली. दोन वळणांनंतर मुलाने फोन खिशात ठेवला, हे विशेष. कौतुकाने हसला आणि म्हणाला, "बाबा, ही ती गाडी वाटतच नाही. ठेवा तुम्ही. आता माझी काळजी मिटली."

गाडी सारखी किंचित त्याच्या बाजूला ओढत होती. मुलाला ते कळणं शक्य नव्हतं. डॉक्टरांना दोन्ही मनगटांत कळत होतं. सरळ रस्त्यावर ते स्टिअरिंग हलकेच आपल्याकडे धरून ठेवत होते, आणि घाटापासून स्टेशनपर्यंत त्यांनी ते तसंच धरून ठेवलं. राहतोस का रात्रीचा, असं विचारायचं त्यांच्या दोनदा ओठांवर आलं. दोन्ही वेळा मुलगा गाडीबद्दलच काहीतरी चांगलं बोलत होता.

स्टेशनवर तो उतरला. येतो म्हणाला, काचेवर टकटक केली आणि गर्दीत मिसळला. त्याच्या बाजूने गाडी बोटभर वर आली.

गाडी राहिली होती. जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि डॉक्टरांना धाय मोकलून रडावंसं वाटत होतं. मागून रिक्षावाला ओरडला तेव्हा ते निघाले. घराचा रस्ता लांब आणि सरळ होता. मनगटांना सवय लागली होती, म्हणून थोडा वेळ ते उगाच स्टिअरिंग आपल्याकडे धरून राहिले. मग त्यांनी हात सैल सोडून पाहिले. गाडी कुठल्याच बाजूला गेली नाही.