पुढचं बाक

त्र्यंबक प्याला घेऊन तिसऱ्या रांगेपाशी वाकला तेव्हा पंढरीचे डोळे मिटलेले होते. पंढरीच्या मिशा वरच्या ओठावर लोंबत होत्या, त्या रसात बुडाल्या. त्र्यंबकानं ते पाहिलं. पाहायचं नाही असं ठरवून पाहिलं. मग पांढऱ्या रुमालानं प्याल्याची कड पुसली, प्याला जरासा फिरवला आणि पुढच्या माणसासमोर धरला.

सन अठराशे चौऱ्याऐंशीचा पहिला दिवस. ठाण्याच्या त्या लहानशा ख्रिस्ती देवळात नव्या वर्षाचं प्रभुभोजन चाललेलं होतं. मंडळी पंचवीस-तीस माणसांची. कोलशेतहून मिठागरात राबणारे चालत आलेले, दोन घरं कल्याणची, एक विधवा, एक पेन्शनीत निघालेला शिपाई. सगळे सतरंजीवर. बाक एकच, अगदी पुढं, आणि त्या बाकावर दर खेपेला बसायचा त्र्यंबक. भाकर आणि प्याला आधी बाकावर जायचे, मग सतरंजीकडं वळायचे. अकरा वर्षं असंच चाललं होतं.

आज बाक मोकळं होतं. सकाळी उपासनेआधी अण्णांनी, म्हणजे मंडळीच्या म्हाताऱ्या पाळकांनी, त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "माझा हात थरथरतो रे आताशा. रस सांडायचा. आज प्याला तू ने." त्र्यंबक हो म्हणाला. नाही म्हणायला कारण काय देणार? या मंडळीत रीत अशी होती की जो प्याला नेतो त्यानं सगळ्यांच्या मागून घ्यायचं आणि प्याला रिता करून मेजावर पालथा ठेवायचा. ही रीत त्याला अण्णांना हो म्हटल्यानंतर आठवली. म्हणजे आठवत होती आधीपासूनच, पण ती आपल्यावर येईल हे मनात आलं नव्हतं.

मागच्या रांगेत बायका होत्या. गोदानं पदर सावरून घोट घेतला. तिच्या शेजारी बायजा. मिठागरात काम करून बायजेचे ओठ चिरलेले, कोपऱ्यात रक्त सुकलेलं. तिनं ओठ लावले, वर पाहिलं, प्याला परत दिला. ती शेवटची. तिच्यानंतर कोणी नव्हतं, त्र्यंबकच होता.

मेजापर्यंत दहा पावलं. मनुका उकळून केलेला रस तळाशी दोन बोटं उरला होता, आणि त्यात काहीतरी तरंगत होतं. भाकरीचा कण असेल. मिशीचा केसही असेल.

गेल्या आठवड्यात नाताळच्या दिवशी हाच त्र्यंबक कल्याणला शेणाळ्या तळ्याच्या काठी दगडावर उभा राहून बोलला होता. प्रभू ज्या गोठ्यात जन्मला तिथं कोणी कोणाला जात विचारली नाही, असं तो ओरडून सांगत होता. समोर त्याच्या बापाच्या ओळखीचे लोक होते. एकानं दगड मारला. तो कपाळाला लागला, रक्त आलं, आणि रक्त पुसत पुसत तो आणखी मोठ्यानं बोलला. कपाळावर अजून खपली होती. ती त्यानं टोपीखाली झाकली नव्हती. टोपी मुद्दाम मागं सारून घालत होता.

आणि त्यानं सोसलंही होतं, खोटं कशाला सांगा. बाप्तिस्मा झाला त्या आठवड्यात बापानं कल्याणात त्याचं घटश्राद्ध घातलं. पाण्याची घागर फोडली, नावानं पिंड दिला, जिवंत मुलाचं सुतक पाळलं आणि अंघोळ करून मोकळा झाला. बायको मंदाकिनी, तिला तिचे भाऊ येऊन घेऊन गेले. तेव्हापासून त्यानं तिचा चेहरा पाहिला नाही. जानवं त्यानं स्वतः तोडून अण्णांच्या हातात दिलं होतं. एवढं सोडलेल्या माणसाला कोणी विचारावं की बाबा, आणखी काही उरलंय का सोडायचं? त्यानं स्वतःलाही कधी विचारलं नाही.

मेजापाशी मंडळीकडं पाठ करून तो उभा राहिला. प्याला वर उचलला. ओठ मिटून घेतले, घट्ट, दात दातांवर. प्याला कलता केला. रस ओठांना लागला, गार. गळा हलवला. मग प्याला खाली ठेवला, पालथा न घालता, त्यावर कपडा टाकला आणि त्याच रुमालानं तोंड पुसलं. एकदा पुसलं, पुन्हा पुसलं.

"आमेन," अण्णा म्हणाले.

मागून सगळे म्हणाले, आमेन.

शेवटचं गीत चालू असताना बायजेनं नेहमीसारखी मेजावरची भांडी उचलली आणि मागच्या ओसरीकडं नेली. भांडी घासायचं काम तिच्याकडं होतं. गीताची दोन कडवी होईस्तोवर त्र्यंबकाच्या हे ध्यानात आलं नाही. आलं तेव्हा तिसरं कडवं अर्धं टाकून तो बाजूच्या दारानं बाहेर पडला.

बायजा ओसरीखाली उकिडवी बसून राखेनं भाकरीची ताटली घासत होती. प्याला तिच्या बाजूला दगडावर, कपडा काढलेला.

"बायजाबाई, प्याला राहू द्या. मी धुतो."

"तुमी कशाला, मास्तर? माझाच काम हाय ना."

तिनं राखेचे हात लुगड्याला पुसले, प्याला उचलला आणि त्याला दिसेल असा कलता धरला.

"उरलाय," ती म्हणाली.

"हो. घाईत राहिला असेल."

"घाईत." तिनं मान हलवली, जसं काही हे तिला पटलं. प्याला तिनं खाली ठेवला नाही. त्याच्या कपाळावरच्या खपलीकडं तिनं पाहिलं. मग म्हणाली, "एक इचारू? राग नाय ना येयाचा?"

"विचारा," त्र्यंबक म्हणाला.

"ता पुढचा बाक तुमाला कोनी दिला?"

मंडळीनं दिलं, असं तो म्हणाला. आपण शाळेत शिकवतो, पवित्र शास्त्र वाचून दाखवतो, म्हणून दिलं असेल. बोलताना त्याचा आवाज शाळेतला झाला.

"मंडळीनंच दिला," बायजा म्हणाली. "आमच्या मानसानं."

तिचा माणूस म्हणजे गोविंदा. जन्मानं महार, या मंडळीतला सगळ्यांत जुना माणूस, अण्णांच्याही आधीचा. भादव्यात तापानं गेला. त्र्यंबकानंच त्याच्या कबरीपाशी शास्त्र वाचलं होतं.

बायजा सांगत राहिली, आणि सांगताना ताटली घासायचं तिनं थांबवलं नाही. तुम्ही नवे आला होता तेव्हा दाराजवळ बसला होता, मागं. प्याला तुमच्याकडं आला आणि तुम्ही खोकत बाहेर गेला. पुढच्या खेपेलाही तसंच. कोणी काही बोललं नाही, पण आंधळं कोणी नव्हतं. मग एका संध्याकाळी कोलशेतला सगळे आमच्या अंगणात बसले. पंढरी तर चिडला होता. आपला उष्टा चालत नाही तर आलाय कशाला इथं, म्हणाला. त्यावर गोविंदा जे बोलला ते मात्र बायजेनं घासणं थांबवून जसंच्या तसं सांगितलं.

"तो बोलला, त्याचा बाप त्याला मेला बोलला. बायको गेली. येवढा येक त्याच्यानं नाय होत. दुखना हाय त्याला ता. दुखन्याच्या मानसाला आपुन आधी पानी देतो का नाय? मग त्याला पुढं बसवा. आपल्या आधी घेऊ दे. बरा झाला का येल आपलाआपला मागं."

गीत संपलं होतं. आतून सतरंजी गोळा करण्याचा आवाज येत होता.

"दर वर्साला आजच्या दिवशी मागना करायचा तो," बायजा म्हणाली. "तुमी आयकलाय."

त्यानं ऐकलं होतं. दर नव्या वर्षी गोविंदा उभा राहायचा आणि पुढच्या बाकावरच्या भावासाठी प्रार्थना करायचा, नाव न घेता. प्रभू, त्याला बळ दे, त्याचं सगळं बरं कर. त्र्यंबकाला वाटायचं, हा आपला मान आहे. त्या प्रार्थनेला सगळ्यांत मोठ्यानं आमेन तोच म्हणायचा.

बायजेच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर त्याला बरं वाटलं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं.

त्यानं हात पुढं केला. "द्या तो प्याला."

"कशाला?"

"पितो."

बायजेनं त्याच्या हाताकडं पाहिलं. मग शांतपणे प्याला स्वतःकडं घेतला.

"हितं नको, मास्तर. हितं कोन हाय? मी येकटी." आणि तिनं रस लिंबाच्या बुंध्याशी ओतला, प्याल्यात पाणी घातलं आणि आतून हात फिरवला. "पुढल्या वर्साला बगू."

समोरच्या अंगणात चिंचेखाली पानं मांडलेली होती. नव्या वर्षाचं जेवण सगळ्यांनी एका पंक्तीत घ्यायचं, ही अण्णांनी घातलेली रीत. त्र्यंबक या पंक्तीबद्दल शहरातल्या लोकांना नेहमी सांगायचा. रांधायला आणि त्याच्या पानात वाढायला मात्र कमळाबाई असत, अण्णांच्या पत्नी, जन्मानं ब्राह्मण. त्यामुळे जेवणाचा प्रश्न त्याच्यापुढं कधी आलाच नव्हता, आणि प्रश्न आला नाही याचाही प्रश्न पडला नव्हता.

पहिलं पान रिकामं होतं. पंढरीनं त्यापुढची जमीन खांद्यावरच्या फडक्यानं झाडली आणि म्हणाला, "या मास्तर, बसा. भात निवतोय."

त्र्यंबक बसला. पाय आपोआप तिकडं गेले. पानाच्या उजव्या अंगाला पितळेचा तांब्या होता, घासून लख्ख केलेला, पाण्यानं भरलेला. अकरा वर्षं तो तिथं असायचा. कोण ठेवतं हे त्यानं विचारलं नव्हतं. आज त्यानं पंक्तीभर नजर टाकली. दुसऱ्या कोणापुढं तांब्या नव्हता. चिंचेच्या बुंध्याशी एक घागर होती आणि एक फुलपात्र. ते भरून पंक्तीच्या खालच्या टोकाकडून निघायचं, हातोहात वर यायचं, ज्याला लागेल तो प्यायचा.

अण्णांनी आभार मानले. जेवण सुरू झालं. खालच्या टोकाला कोणीतरी पंढरीच्या मिशांवरून काही म्हणालं आणि गोदा तोंडाला पदर लावून हसली. पंढरी म्हणाला, तुझा नवरा तर आरशात पण मिशी शोधतो, आधी त्याचं बघ. सगळे हसले. अण्णाही हसले. त्यांच्या हातात काठोकाठ भरलेलं फुलपात्र होतं. त्यांनी ते सावकाश ओठांशी नेलं, प्यायले आणि पुढं दिलं. एक थेंबही सांडला नाही. त्र्यंबकानं त्या हाताकडं पाहिलं, मग अण्णांकडं. अण्णा भात कालवत होते.

त्यानं तांब्या उचलला आणि मागं वळून सगळं पाणी जमिनीवर ओतलं. मोकळा तांब्या पानाच्या बाजूला ठेवला. कोणाचं लक्ष नव्हतं. फुलपात्र वर वर येत होतं. गोदानं घेतलं, शिपायानं घेतलं, शिपायानं मिशा पुसत पंढरीला दिलं. पंढरी प्यायला. मग, दर वर्षी करत आला तसं, त्र्यंबकाकडं न पाहता त्यानं हात फिरवला आणि फुलपात्र खालच्या टोकाकडं परत धाडायला शिपायापुढं धरलं.

त्र्यंबकाच्या कपाळावरची खपली ठणकत होती. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"पंढरी," तो म्हणाला. आवाज नीट फुटला नाही, म्हणून त्याला पुन्हा म्हणावं लागलं, आणि या वेळी ते सगळ्या पंक्तीला ऐकू गेलं. "पंढरी, मला तहान लागलीय."

हसणं थांबलं. पंढरीनं मोकळ्या तांब्याकडं पाहिलं, ओल्या जमिनीकडं पाहिलं. फुलपात्र त्याच्या हातातच होतं, अर्धं भरलेलं. त्यानं ते दिलं नाही आणि परतही धाडलं नाही. मान वळवून तो बायजेकडं पाहू लागला.

बायजा आमटी वाढत होती. तिनं वाढता हात थांबवला नाही.