कुपवाडच्या साईटवरचा दादा

कुपवाडला बेदाण्यासाठी एक मोठं कोल्ड स्टोरेज उभं राहत होतं, त्या सालची गोष्ट. १९९६ असावं. कामाचा प्रमुख होता मल्हार. जतकडच्या मेंढपाळाच्या घरातला, इंजिनिअर झालेला पहिलाच. त्याच्या हाताखाली राजरत्न आला, सांगलीच्या कॉलेजातला जोडीदार. तिथं मल्हार पहिला यायचा आणि राजरत्न रडतखडत पास व्हायचा. त्यामुळं त्याचं येणं मल्हारला बरंच वाटलं.

पण महिन्याभरात साईटवर एकच हाक घुमायला लागली, "राजादादा, जरा हिकडं या!" मल्हार सगळ्यांचा 'साहेब'च राहिला. तो आला की माणसं भराभर हात चालवायची, पाठ फिरली की सैल पडायची. राजरत्न मात्र पाईपवर बसून त्यांच्यातलीच भाकरी खायचा आणि काम पुढं सरकायचं. सगळ्यात जास्त टोचायचा तो बिराप्पा फिटर. मल्हारच्या गावाकडचा, त्याच्याच समाजातला माणूस; तोही अडलं की राजरत्नकडंच जायचा.

एक दिवस मालक म्हणाले, "तुमच्या राजरत्ननं माणसं काय जपलीत हो!" मल्हार हसला. दुसऱ्या दिवशी त्यानं राजरत्नला साईटवरून काढून खरेदीच्या टेबलावर बसवलं.

काम थांबलं नाही, पण त्यातला जीव गेला. माणसं वेळेवर यायची, सांगितलं तेवढंच करायची. मग मल्हारनं ठरवलं, त्याला जमतं ते मला का जमू नये? जेवणाच्या सुट्टीत तो बिराप्पाशेजारी जाऊन बसला. गावाकडची बोली मुद्दाम तोंडात आणून म्हणाला, "काय रं बिराप्पा, तुजी आय रंगुबाई कशी हाय? ठणठणीत?"

बिराप्पानं हातातला घास खाली ठेवला.

"साहेब, आय जाऊन म्हैना झाला. तुमीच रजा दिली हुती की."

"राजादादा आलं हुतं मातीला," बिराप्पा हळूच म्हणाला आणि उठून गेला.

मल्हार तणतणत खरेदीच्या खोलीत शिरला. "तू मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं," राजरत्न म्हणाला. "तू एवढंच विचारलंस, बदली माणूस कोण देणार."

मल्हारला ते आठवलं. तो खुर्चीत बसला. "साईटवर परत ये."

"नाही जमायचं. साताऱ्याच्या एका कारखान्यातनं बोलावणं आलंय. पहिल्या तारखेला चाललो."

मल्हारला आधी काय वाटलं असेल, तर सुटल्यासारखं. आता ती हाक ऐकावी लागणार नाही! आणि लगेच दुसरा विचार आला, त्याच्याशिवाय काम वेळेत पुरं कसं व्हायचं? बेदाण्याचा हंगाम तोंडावर आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बिराप्पापुढं उभा राहिला. "माझं चुकलं. त्या वेळी मी विचारायला पाहिजे होतं." बिराप्पा नुसता "व्हय" म्हणाला आणि पाना उचलून कामाला लागला. पुढं काम उशिरानं का होईना, पुरं झालं. दोन वेल्डर मात्र राजरत्नच्या मागं साताऱ्याला गेले.

उद्घाटनाला मल्हारनं स्वतः फोन करून राजरत्नला बोलावलं. तो फाटकातून आत येताच माणसांनी त्याला घेरलं, बिराप्पा सगळ्यांत पुढं. मल्हार लांब उभा राहून बघत होता. जळणं कमी झालं नव्हतं. तरी थोड्या वेळानं तो त्या गर्दीत गेला आणि बिराप्पानं थोडं सरकून त्याला जागा करून दिली.