चिचुंद्रीचे बीळ आणि मिरचीची धुरी

उंदीर समजू नका, मित्रांनो. मी चिचुंद्री आहे, आणि दोन दिवाळ्या पाहिलेली म्हणजे आमच्यात म्हातारीच. वालचंदनगरजवळ हिंदुरावांच्या उसात, बांधाच्या कडेला माझे बीळ आहे.

डोळ्यांनी मला उजेड आणि अंधार एवढेच कळते. बाकीचे जग नाकाला आणि मिशांना विचारावे लागते. उसाच्या मुळाशी हुमणीची अळी असली की ओल्या मातीतून तिचा वास येतो. जरा थांबले की मूळ कुरतडल्याची बारीक करकर ऐकू येते. मग मी उकरू लागते. मिशांचे टोक त्या मऊ अंगाला लागले, की दात पोचलेच; अळीला वळायलाही सवड मिळत नाही. तिचे कडक डोके मात्र मला आवडत नाही. ते मी बिळाच्या तोंडाशी टाकून देते. माझ्या आईला हा गबाळेपणा मुळीच खपला नसता.

भाद्रपदात उसाची बेटे वाळू लागली. हिंदुराव रोज बांधावर येत. तंबाखूच्या वासावरून मी त्यांना ओळखायची. एका सकाळी त्यांना माझे बीळ दिसले, आणि मुळे उंदीरच खातो आहे असे त्यांनी ठरवून टाकले. लगेच मडक्यात गोवऱ्या, वर सुक्या मिरच्या घालून त्यांनी बिळात धुरी सोडली.

आत माझी पिल्ले होती. तो धूर नाकात शिरला आणि माझे जग विझले. वाट कुठे, भिंत कुठे, काही कळेना. शेवटी मिशा भिंतीला घासत निघाले. एका पिल्लाने माझ्या शेपटीजवळचे केस दातांत धरले, दुसऱ्याने त्याचे, तिसऱ्याने दुसऱ्याचे. अशी आमची माळ बाहेर आली, ती थेट बांगड्यांच्या आवाजापाशी. त्या कौसल्याबाई, हिंदुरावांच्या मालकीण.

हिंदुरावांनी खोरे उचलले.

"थांबा की जरा," कौसल्याबाई म्हणाल्या. "उंदराला असा वास असतो व्हय?"

"वास घेत बसू, का ऊस वाचवू?"

बिळापाशी वाकून कौसल्याबाईंनी माती चाळवली, मग शेजारचे वाळके बेट ओढले. ते अलगद हातात आले. खाली मुळेच उरली नव्हती. त्यासरशी अळ्यांचा वास उघडा पडला. धुराने कोंडलेल्या माझ्या नाकातही तो शिरला. भुकेपुढे मला भीती राहिली नाही. त्या दोघांच्या पायाशीच मी एक अळी धरली, खाल्ली आणि डोके टाकून दिले.

"बघा," कौसल्याबाई हळूच म्हणाल्या. "बिळाशीबी अशीच डोकी पडल्यात. ही बाई तुमची हुमणी खाती, आन तुमी तिलाच धुरी देताय."

मग मडक्यात पाणी ओतल्याचा चर्र आवाज आला.

"बिळात बाई हाय का बुवा, मला काय ठावं," हिंदुराव पुटपुटले.

सगळ्या शेताची हुमणी माझ्या एकटीच्याने संपत नाही. त्यांनी औषध केले, आम्हीही आमचे काम केले. आता उसाला पाणी सोडताना ते माझ्या बिळापुढे आधी मातीचा बांध घालतात. माझे नाक हल्ली थकते, पण पिल्लांची नाके तिखट आहेत.

म्हणून सांगते, मित्रांनो, धुरी पेटवण्याआधी बिळाच्या तोंडाशी काय पडले आहे, तेवढे बघा. बघायचा कंटाळा आला, तर निदान वास तरी घ्या.