पाटलांची जागा

लढाईचा काळ होता. निजाम सरकार लेव्ही म्हणून घराघरातली जवारी उचलत होतं. पण सरकारची एक शिस्त होती, गावाशी बोलायचं ते पाटलाशीच. आमच्या शरणबसप्पा पाटलांचीही एक शिस्त होती, वसुलीला आलेल्या साहेबाशी थेट बोलायचं नाही. ते वेशीची राखण करणाऱ्या येसकर गोरोबाच्या कानात कुजबुजायचे, गोरोबा मोठ्यानं सांगायचा. मग पाटील साहेबाच्याच गाडीत बसून कळंबला जायचे आणि लेव्ही कमी करून यायचे.

त्या साली पाटील ऐन सुगीत वारले. लिंगायत माणूस, त्यामुळं रीतीप्रमाणं मळ्यात बसवूनच पुरलं. खड्डा मात्र ऐसपैस खणला आणि गावाचं सगळं बियाणं पोत्यांत भरून त्यांच्या भोवती रचलं. ते गेलं असतं तर मृगात पेरायला खडेच उरले असते.

लेव्ही वसूल करणारे गिरदावर जैनोद्दीनसाहेब आले. समाधीला फेरी मारून म्हणाले, पाटील तर किरकोळ अंगाचे, ढिगारा एवढा रुंद कसा? पाटलीण चन्नम्मानं सांगितलं, मेल्यावर माणूस फुगतो. साहेबांना पटलं, पण पुरतं नाही. खणायचं तर पाटलाची परवानगी हवी, आणि नव्या पाटलाची नेमणूक आली नव्हती. साहेब कायद्याचे पक्के. गोरोबाला म्हणाले, "पूछो उनको."

गावानं गोरोबाला डोळ्यांनीच सांगितलं, नाही म्हण. तो सवयीनं वाकला, मातीला कान लावला. नुसतं दाखवायचं होतं, पण गडी उठेचना. उठला तेव्हा कानाला माती होती आणि तोंडाला रंग नव्हता.

"खणा म्हणत्यात," गोरोबा म्हणाला. "पण मग म्या बी सायबाच्या गाडीत येतो म्हणत्यात. दरसालच्यावानी."

साहेब ढिगाऱ्यापासून दोन पावलं मागं झाले. मग राहू द्या म्हणाले. गाडीत चढून बसले आणि हळूच कडेला सरकले. गाडी निघताना दोघांच्या वजनानं करकरली.

"खरंच बोलले व्हय रं ते?" चन्नम्मानं विचारलं.

"म्या नगं म्हणायलाच वाकलो हुतो, पाटलीणबाई."

त्या साली कळंबहून लेव्हीचा तगादा आला नाही. मृगाच्या तोंडावर आम्ही हात जोडून समाधी उघडली. बियाणं जसंच्या तसं होतं. मधली जागा तेवढी रिकामी, कुणी नुकतंच उठून गेल्यासारखी.

चन्नम्मानं वाकून बघितलं, पदर सावरला.

"खड्डा बुजवू नगा," ती म्हणाली. "यायचेत ते अजून."