बिडीपुरतं बसणं

"हे तुमचे मोठे भाऊ का हो?"

मधुकरदादांच्या गाडीच्या ड्रायव्हरनं त्यांना विचारलं आणि माझं टाळकं सणकलं. मी चोपन्नचा, दादा सहासष्टचे. पण भर दुपारी इतवारीच्या किराणा ओळीत आम्ही दोघं असे समोरासमोर, तर त्या ड्रायव्हरचा तरी काय दोष? दादा ताठ उभे, पांढरे बूट, केसांना कलप. मी मिरचीच्या पोत्यावर वाकून बसलेला, तोंडात बिडी. "लहान आहे माझा," असं म्हणून दादा हसले. मला त्या हसण्याची चीड आली.

नातीच्या लग्नाची भांडी घ्यायला आले होते. इतवारीत आलोच आहे तर रुपरावला भेटून जाऊ, असं त्यांच्या मनात आलं. माझ्या कामाच्या जागी नातेवाइकांनी आलेलं मला खपत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. तरी आले.

बिडी मला यांनीच शिकवली. उमरेडकडच्या आमच्या गावात शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसून स्वतःची अर्धी ओढलेली माझ्या हातात दिली. ते शिकलेले, पुढं वीज खात्यात चिकटले आणि सिगारेटवर गेले. पंख्याखाली खुर्चीत बसून ओढायचे. खात्यानं दरवर्षी तपासणी करवून घेतली, डॉक्टरनं डोळे वटारले, यांनी सोडली. आता त्रिमूर्तीनगरात घर, सकाळी बगीच्यात फेऱ्या, वर हास्यक्लब. मी रुळांच्या या बाजूला, पारडीत. आमच्या वस्तीत साठी ओलांडलेले बाप्ये थोडे, आणि आहेत त्यांतले निम्मे खाटेवर. दादांच्या वस्तीत त्याच वयाचे लोक टाळ्या वाजवून हसायला जमतात. एका आईची दोन पोरं आणि एकाच कट्ट्यातली बिडी. तरी म्हातारपण त्यांचा पत्ता विसरलं आणि माझ्याकडं वेळेआधी येऊन बसलं.

बिडीनं तुझी छाती खाल्ली, असं सगळे मला सुनावतात. खाल्ली ना, मी कुठं नाही म्हणतो? पण जन्मभर लाल मिरचीची पोती या पाठीवर वाहिली, तिची भुकटी नाकातोंडात गेली, त्याबद्दल कुणी ब्र काढत नाही. मिरचीच्या पोत्यावर कवटीचं चित्र नसतं.

आणि खरी गोष्ट तर अशी, की माझ्या तोंडातली ती बिडी पेटलेलीच नव्हती.

पावसाळ्यात सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं मला एका नळीत फुंकायला लावलं आणि कागदाकडं बघून तोंड वाकडं केलं. त्या पोळ्यापासून मी एकही ओढली नाही. माझ्या बायकोनं, कौसल्यानं, घरातल्या काडीपेट्या फेकून दिल्या. गॅसला लायटर आणला. एक पेटी तेवढी देव्हाऱ्यात ठेवली, दिव्यापुरती. बिडी सुटली, पण गेलेला श्वास काही परत आला नाही. दोन पोती टाकली की डोळ्यांपुढं अंधारी येते आणि बसावंच लागतं.

आता आमच्या टोळीत बसायला कारण एकच चालतं, ते म्हणजे बिडी. पाणी उभ्यानं पिता येतं. पोरं तंबाखू-सुपारीचा खर्रा खातात, तो गालात दाबून पोतं उचलता येतं. बिडीला मात्र बसावं लागतं, आणि मुकादम धोंडबा स्वतः ओढतो म्हणून त्याला ते पटतं. 'बिडी मारतो' म्हटलं की तो मान हलवतो. 'श्वास लागला' म्हटलं की दुसऱ्या दिवशी सांगतो, घरी आराम कर गा. तो आराम मग संपत नाही. आमच्या शेजारच्या कामिनीचा नवरा असाच घरी बसला, तो बसलाच. म्हणून मी कोरडी बिडी तोंडात धरायचो, भोवती हाताचा आडोसा करायचो, भिंतीकडं तोंड करून श्वास गोळा करायचो आणि उठायचो. कौसल्या सोडली तर कुणाला पत्ता नव्हता.

दादांनी ती बिडी माझ्या तोंडातून ओढून घेतली. लहान पोराच्या हातातली माती काढून घ्यावी तशी. "लाज नाही वाटत रुपराव? स्वतःची हालत पाहिली?" म्हणाले. मग सगळ्या टोळीला ऐकू जाईल असं फुप्फुसांवर बोलत सुटले. बोलता बोलता त्यांची नजर बिडीच्या टोकाकडं गेली आणि ते थांबले.

"अरे, ही तर पेटवलेलीच नाही."

"दादा, हळू बोला," मी म्हणालो. त्यांचे डोळे भरून आले होते. ते काही ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. त्यांनी मला मिरचीसकट मिठीत घेतलं आणि हास्यक्लबात लावतात तसा आवाज लावला.

"ऐका हो सगळे. माझ्या भावानं बिडी सोडली."

आणि टाळ्या वाजवल्या. त्यांच्या ड्रायव्हरनं वाजवल्या, खर्रा खाणाऱ्या पोरांनीही हसत हसत वाजवल्या. धोंडबानं नाही वाजवल्या. तो दुकानाच्या ओट्यावरून उतरून माझ्यापुढं येऊन उभा राहिला.

"कवापासून गा?"

दादांनी कोपरानं ढोसलं, "सांग ना, लाजतो काहून?"

"पोळ्यापासून."

"मंग एवढे दिवस बसून काय करून राहिला होता?"

धोंडबानं माझ्या छातीकडं पाहिलं. "श्वास लागते का तुले?"

"नाही."

"मंग उचल."

मी उचललं. दादांनी माझा पोत्यासकट फोटो काढला, अंगठा दाखवला आणि भांड्यांच्या दुकानाकडं निघून गेले. गोदामाच्या पायरीशी श्वास पुरेना. पोतं भिंतीला टेकवून मी उभाच राहिलो, कारण बसायची आता सोय उरली नव्हती. सख्ख्या भावाला तोंडभर शिव्या द्याव्याशा वाटत होत्या, आणि शिव्या द्यायलाही श्वास लागतो.

संध्याकाळी धोंडबा आवाज न चढवता म्हणाला, "बिडीवाले बसतीन. तुले आता बसाची गरज नाही. जमत नसन तर सांग, दुसरा पाहतो."

सकाळी कौसल्या दिवा लावत होती. तिला मी रात्रीच सगळं सांगितलं होतं.

"पेटी दे वं," मी म्हणालो.

ती वात सारखी करत राहिली. मग दादांचं नाव न घेता म्हणाली, "त्याइले म्हना, एक दिवस पोतं उचलून पाहा. मंग वाजवा म्हना टाळ्या." दिवा लागला. ती उठली आणि काडीपेटी तिनंच माझ्या खिशात टाकली. माझ्याकडं पाहिलं नाही.

पहिला टेम्पो रिकामा झाल्यावर मी पोत्यावर बसलो, सगळ्यांना दिसेल असा रस्त्याकडं तोंड करून, आणि बिडी पेटवली. पहिल्याच झुरक्याला इतका खोकलो की डोळ्यांतून पाणी आलं. धोंडबा बघत होता. शेजारी येऊन बसला.

"नाही सुटली ना?"

"नाही सुटत गा."

"मले माहीतच होतं," तो म्हणाला. त्याचा राग गेला होता. त्यानं माझ्या बिडीवर आपली पेटवून घेतली.

तेवढ्यात फोन वाजला. दादा होते. माझा फोटो त्यांनी हास्यक्लबाच्या ग्रुपवर टाकला होता. लोकांना फार कौतुक वाटलं म्हणे. येत्या रविवारी बगीच्यात ये, शाल-श्रीफळ देऊन तुझा सत्कार करायचं ठरलंय, सगळे तुझी वाट पाहून राहिले. मी धूर आवरला, तरी खोकला आलाच.

"निघेल खोकला हळूहळू," दादा मायेनं म्हणाले. "आता बरं वाटते ना?"

"हो दादा," मी म्हणालो. बिडी अजून अर्धी उरली होती, म्हणून मी उठलो नाही.