एलोदीचा आँसेल्म

गुरुवारी दुपारी तीनच्या सुमारास दोमितिल्द आत्यांनी नावांची साखळी म्हणायला घेतली आणि दुसऱ्याच कडीला त्या थांबल्या. लग्न शनिवारी दहाला होतं.

शेतिकाँ या समुद्रकाठच्या गावात जो तो शियासों, नाहीतर ओक्वँ. आडनावाने माणूस ओळखू येत नाही, म्हणून बापाचं आणि आजोबाचं नाव लावतात. नवरी मुलगी ओदेत म्हणजे कालिस्तच्या ल्युसियँची ओदेत. या घरात लग्न ठरलं की दोन्हीकडची साखळी मोठ्याने म्हणायची, आणि ती म्हणायचा मान आत्यांचा. ऐंशीच्या घरातल्या आत्या या कालिस्तच्या धाकट्या बहीण.

नवरा मुलगा रेमी शियासों, मंक्टन शहरातला. त्याच्या बापाने सोळाव्या वर्षी गाव सोडलं, ते पुन्हा तोंड दाखवलं नाही. रेमीला मात्र पूर्वजांचं वेड. फ्रान्सहून जहाजाने आलेल्या मूळ पुरुषापासून त्याने सगळ्या शाखा मांडल्या होत्या.

"यातली माझी शाखा कुठली, तेवढंच कळत नाही, आत्या. आजोबा सापडत नाहीत."

"तीनशे वर्षांमागचा माणूस सापडला आणि आजोबा हरवले? शाबास रे पठ्ठ्या!" चिंध्या आकडीने ओवून गालिचा करायच्या चौकटीवरून मान न उचलता आत्या म्हणाल्या. "बापाचं नाव काय तुझ्या?"

"आँसेल्म. आजी एलोदी. बंदरापाशी घर होतं."

आत्यांच्या हातातली आकडी थांबली. "एलोदीचा आँसेल्म," त्या म्हणाल्या. पुढचं नाव आलं नाही.

आग्नेयेच्या वाऱ्याने खिडक्या थडथडत होत्या. ओदेत बटाटे सोलत होती. साखळीत आईचं नाव दोनच कारणांनी येतं. बाप लवकर बुडाला असेल, किंवा बाप म्हणून कोणी पुढे आला नसेल. तिने पहिलं धरलं.

"आजोबा समुद्रात गेले का, आत्या?"

"नाही."

रेमीच हसला. "चला, आईच्या नावाने तर आईच्या नावाने. माझी काही हरकत नाही." आणि तो चर्चमध्ये खुर्च्या मांडायला गेला.

दार लागल्यावर ओदेतने विचारलं, "कोण होता?"

"एलोदीच्या उशाशी शपथ घेतलीय मी. नाव निघायचं नाही तोंडातून."

"मग शनिवारी मी उभी राहू की नको, एवढं तरी सांगा."

आत्यांनी चौकटीवरची चिंधी सारखी केली. "फादरना म्हणावं, बिशपांची परवानगी मागवा."

दोघंही कॅथलिक असताना ती परवानगी लागते रक्त जवळचं असलं तरच. आणि एलोदीच्या उशाशी बसून आत्यांनी कोणासाठी शपथ घ्यावी? त्यांना भाऊ एकच होता.

"कालिस्त आजोबा?"

"मागव म्हटलं ना, पोरी."

फादर लाँद्री ऐकून वैतागले. "नातं कुठलं सांगू?"

"चुलत भावंडं. आजोबा एकच, आज्या वेगळ्या."

"दोमितिल्दबाई तसं म्हणाल्या?"

"काही म्हणाल्या नाहीत."

"मग बिशपांना काय कळवू? एक म्हातारी गप्प बसली म्हणून?"

तरी त्यांनी फोन केला. बिशप दौऱ्यावर होते, निरोप ठेवला.

रेमीला तिने बंदरावर गाठून सांगितलं. तो एवढंच बोलला, "मला आजोबा हवे होते, ओदेत. तुझे नको होते." परवानगी आली तर काय, हे तिने विचारेपर्यंत तो धक्क्याच्या टोकाकडे चालू लागला होता.

शुक्रवारी संध्याकाळच्या बसमधून आँसेल्म उतरला. मुलाने बाजूला घेऊन सगळं सांगितलं. आँसेल्मने टोपी काढली, पुन्हा घातली आणि दोमितिल्द अजून त्याच घरात राहते का, एवढंच विचारलं.

शनिवारी सकाळी सातला तो आत्यांच्या स्वयंपाकघरात गेला. नऊ वाजले तरी तो आतच होता, दार बंद होतं. चर्चमध्ये पाहुणे बसू लागले होते, त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. ओदेत पांढऱ्या पोशाखात फादरांच्या फोनशेजारी उभी होती. बिशपांकडून निरोप आला नव्हता.